घारीची दरड आणि वरचा दोर

वामन ढोके पचमढीहून परत आला तेव्हा त्याच्या दहापैकी सात बोटांना पट्ट्या होत्या आणि पिशवीत एक प्रमाणपत्र होतं. श्री. वामन ढोके, कनिष्ठ लिपिक, सौसर, यांनी खडक चढण्याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केलं, असं त्यात लिहिलं होतं. समाधानकारक हा सरकारी शब्द आहे. माणूस मेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याला पाठवलं होतं बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्क मुकुंद देशकर यांनी. जिल्ह्याहून, म्हणजे छिंदवाड्याहून, परिपत्रक आलं होतं की प्रत्येक कार्यालयातून एक उत्साही कर्मचारी पाठवा. कार्यालयात उत्साही कोणीच नव्हतं. परिपत्रकाची तारीख उलटत आली होती, म्हणून बडे बाबूंनी वामनचं नाव लिहून फाईल मोकळी केली. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. सांगून फरक पडत नाही, सारी सारखीच.

वामननं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. चहा आला होता. सगळे भोवती जमले. कोणी विचारलं, कसं चढतात म्हणून. वामन सांगायला लागला की शिकणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, वर एक माणूस बसलेला असतो, तो दोर धरतो.

बडे बाबूंनी चष्मा पुसला. "तुमचं बरं आहे ढोके. तुम्हाला सवयच आहे. वरून सरकारनं दोर सोडला की तुम्ही लोक चढता."

सगळे हसले. नाजिर बाबू, म्हणजे भांडारवाला सुधाकर, तो तर टेबलावर हात आपटून हसला. वामनही हसला. सवयीनं हसला, आणि हसल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. मॅट्रिकला तो तालुक्यात तिसरा आला होता. टायपिंगची परीक्षा त्यानं दोनदा दिली होती, कारण पहिल्या वेळी मशीन तुटकं दिलं होतं. चहा तसाच राहिला, वर साय धरली.

पाच वाजता निघताना तो बडे बाबूंच्या टेबलापुढे उभा राहिला. "बडे बाबू, घारीच्या दरडीवर मी तीन मार्ग तयार करतो. आणि एक नंबरचा मार्ग सगळ्यांसमोर चढून दाखवतो. वरून दोर न घेता."

"मग दोर कुठून?"

"खालून. जो पहिल्यांदा चढते तो दोर आपल्या कमरेला बांधून खालून नेते. वाटेत मेखा ठोकते, त्यात अडकवते. त्याच्यासाठी वर कोणी बसलेलं नसते."

"पडले तर?"

"पडलो तर जागा खाली होईल. परिपत्रक काढा."

घारीची दरड म्हणजे सौसरहून पांढुर्ण्याकडे जाताना सडक सोडून तीन कोस आत असलेला सत्तर फूट उभा काळा खडक. पायथ्यापासून समोर निघालेला नाला. नाल्याच्या या काठावर खैरटेक, त्या काठावर पिपरडोह. दरडीच्या मागून शेळ्यांची वाट आहे, तिनं सात मिनिटांत वर जाता येतं. त्यामुळे समोरून चढायचं कारण दोन्ही गावांना समजेना. वामन पहिल्या रविवारी खडकाला हात लावून उभा होता, तर खैरटेकचा एक म्हातारा अर्धा तास बघत बसला आणि शेवटी म्हणाला, "बापू, वाट मागून आहे."

"माहीत आहे बाबाजी."

"मंग इथं काय करून राहिला?"

"मार्ग पाहून राहिलो."

"मागून आहे ना पण," म्हातारा म्हणाला, आणि या माणसाला घरी कोणी आहे की नाही याची चौकशी करायला निघून गेला.

घरी होती. सुशीला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोर कोन धरन?"

वामननं हिरामणचं नाव घेतलं. हिरामण हा शेजारी, रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून सल्ला देण्याच्या कामावर रुजू झालेला.

"हिरामणभाऊ तमाकू मळाले दोर सोडतीन," सुशीला म्हणाली. "मी धरतो. साठ हात खोल विहिरीतून भरल्या घागरी वढण्यात माझं लहानपण गेलं. एक घागर नाही पडली."

प्रश्न राहिला दोराचा. कार्यालयाच्या भांडारात पुराच्या वेळी लागणारा दोनशे फूट नवा दोर होता. वामननं सरकारी रीतीनं हिंदीत आवेदन, म्हणजे अर्ज, दिलं. नाजिर बाबूंनी ते दोनदा वाचलं.

"हा दोर पुरासाठी आहे."

"होय. काम झालं का परत करतो."

"पण पूर कुठं आहे?"

"डिसेंबरात पूर कुठून आणू?"

"तेच म्हणतो मी. पूर दाखवा, दोर न्या. ऑडिटवाला विचारन, दोर कोणत्या पुरात गेला, तर मी काय सांगू? ढोके वर चढून राहिले होते म्हणून? पूर खाली असते."

जंगल खात्याचा प्रकार वेगळा. दरड त्यांच्या हद्दीत, तेव्हा मेखा ठोकायला परवानगी पाहिजे. फॉर्ममध्ये रकाना होता: किती झाडं तोडणार. वामननं लिहिलं, शून्य. फॉर्म परत आला, शून्य ही संख्या चालत नाही. त्यानं लिहिलं, एकही नाही. परत आला, उत्तर आकड्यात द्या. शेवटी वैतागून त्यानं लिहिलं, एक. परवानगी तीन दिवसांत मिळाली, सोबत एक झाड तोडल्याशिवाय काम पूर्ण समजलं जाणार नाही अशी अट. हे झाड पुढे कामाला आलं, म्हणून सांगून ठेवतो.

दोर सुशीलेच्या भावानं दिला, विहिरीचा जाड नाडा. मेखा लोहारानं करून दिल्या, बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेच्या लोखंडाच्या, प्रत्येकीला कडी. सहा रविवार वामन खडकावर लोंबकळला. चढून गेला नाही. खालून पंधरा-पंचवीस फूट चढायचं, मेख ठोकायची, उतरायचं. तीन मार्ग त्यानं चुन्यानं आखले. एक नंबर, मधली उभी भेग, सगळ्यात कठीण. दोन नंबर तिच्या डावीकडे. तीन नंबर उजवीकडे, सोपा, वीस फुटांवर बसायला ऐसपैस कट्टा. तीन नंबर त्यानं लहान पोरींसाठी ठेवला होता. त्याची शोभा आठ वर्षांची होती.

मग साहेबांना कळलं. साहेब नवीन होते आणि सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम शोधत होते. त्यांनी वामनला बोलावून सांगितलं की हा आता कार्यालयाचा कार्यक्रम. अहवाल छिंदवाड्याला जाईल, व्यवस्था बडे बाबू पाहतील. एकट्यानं पडणं निराळं. सरकारी इतमामात पडणं निराळं.

आणि सल्ले सुरू झाले.

हिरामण म्हणाला, "वर झेंडा पायजे. नाहीतं लोकायले समजन कसं, का पोहोचला?"

तिरंगा साहेबांनी मना केला. ढोके पडले तर राष्ट्रध्वजाचं काय, असं म्हणाले. ढोक्यांचं काय, ते म्हणाले नाहीत. मग रंगाचा वाद पेटला. निळा लावला तर बडे बाबू म्हणतील, बघा, आलेच आपल्या वळणावर. भगवा वामन लावणार नव्हता. हिरवा लावला तर पोलीस विचारतील, लाल लावला तर जास्तच विचारतील. पांढरा म्हणजे चढायच्या आधीच शरण. चार दिवस हा देश एका फडक्यावरून अडून राहिला. शेवटी सुशीलेनं अंग पुसायचा चौकड्यांचा दुपट्टा काढून दिला. "यात सारेच रंग आहेत. कोणी काही म्हनलं तं म्हना, वाळत घातला होता."

झेंड्याला काठी पाहिजे. जंगल खात्याच्या अटीचं एक झाड तोडायचं होतंच. दरडीच्या माथ्यावर होते सगळे पळस. वामननं एक मनगटाएवढा पळस तोडला, अट पूर्ण केली, आणि हिरामणकडून तो दरडीच्या टोकाशी सिमेंट लावून पक्का गाडून घेतला.

हिरामण म्हणाला, "बाजा पायजे. चढताना हुरूप येते. डफडं सांगू काय?"

वामननं त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या बापानं छप्पन साली गळ्यातलं डफडं विहिरीत टाकलं. त्या विहिरीचं पाणी आम्हाले पेऊ देत नव्हते, पण डफडं टाकाले कोणी अडवलं नाही. मी पुन्हा आणणार नाही."

"मंग ढोल सांगतो. खैरटेकचे आहेत चार."

राहिली बसायची व्यवस्था. ती बडे बाबूंची. दोन गावांत भांडण नको म्हणून त्यांनी खैरटेकवाल्यांना या काठावर आणि पिपरडोहवाल्यांना त्या काठावर बसवायचं ठरवलं. मध्ये नाला. याबद्दल साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

आदल्या संध्याकाळी सुशीला पायथ्याशी उभी राहून वर बघत होती. "शोभाचे बाबा, मले हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटते."

"स्वप्नात पाहिलं असशील," वामन म्हणाला. त्याचं सगळं लक्ष भेगेत होतं.

इतक्या माणसांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. नाल्याच्या दोन काठांवर दोन गावं, मध्ये पळस, पळसावर झेंडा, आणि ढोल. पांढुर्ण्याच्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल हे काय आहे ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर काय होतं ते या लोकांनी जन्मभर पाहिलं होतं. नदीत पळस रोवायचा, त्याला झेंडा बांधायचा, आणि जो तोडायला जाईल त्याला समोरच्या काठानं दगड मारायचे. गोटमार. ही माणसं आपल्या कार्यक्रमपत्रिकेत एकेक कलम घालत गेली, आणि सव्वीस जानेवारीला त्यांनी साहेबांच्या अध्यक्षतेखाली आणि सरकारी परवानगीनं गोटमार भरवली. पोळा होऊन पाच महिने झाले होते, एवढाच काय तो फरक.

सकाळी अकराला दोन्ही काठ भरले. पांढुर्ण्याहून एक ट्रक भरून माणसं आली होती. साहेब तंबूत, शेजारी बडे बाबू, हातात साहेबांचा थर्मास. हिरामण मागच्या वाटेनं वर जाऊन झेंड्याजवळ बसला होता. सुशीलेनं पदर खोचला, दोराचा फेरा कमरेमागून घेतला, पाय खडकाला लावले.

"मी धरून आहो," ती म्हणाली.

वामन चढायला लागला. पंधरा फुटांवर पहिली मेख. अडकवली. पंचवीसवर दुसरी. चाळीसवर तिसरी, ती त्यानं चढता चढता ठोकली. खाली ढोल सुरू झाला.

ढोल सुरू झाला आणि दोन्ही काठांवरच्या माना एकदम पळसाकडे वळल्या. सुशीलेला पायथ्याशी ऐकू आलं; तोच खैरटेकचा म्हातारा शेजाऱ्याला म्हणत होता, "पळस हाय. झेंडा हाय. नाला हाय. ढोल वाजून राहिला. मंग आपन बसून कायले राहिलो?"

शेजारी उठला आणि त्यानं दगड शोधला.

समोरून पिपरडोहचा आवाज आला, "तो चढून राहिला तो कोनाकडचा?"

"आमचा नाही," खैरटेक म्हणालं.

"आमचाही नाही."

मग दोन्हीकडून सुरू झालं. या दोन गावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची तालुक्यातली ती पहिली वेळ असावी.

पहिला दगड वामनच्या कानाजवळ खडकावर फुटला. त्याला वाटलं, वरून सुटला. दुसरा पाठीत बसला तेव्हा समजलं. दगड ढोके घराण्याला नवे नव्हते. त्याच्या आज्यानं मोहगावच्या बाजारात तहान लागली म्हणून भलत्या रांजणाला हात लावला होता आणि कपाळावर खूण घेऊन घरी आला होता. पण ते दगड जात पाहून आले होते. हे निव्वळ गाव पाहून येत होते. पन्नास फुटांवर एका हातानं लोंबकळताना वामनच्या मनात आलं, चला, एवढी तरी प्रगती झाली.

खाली साहेब जीपखाली शिरले. थर्मास फुटला. जीपची काच गेली. सुशीलेच्या बाजूला तीन दगड पडले, ती मान वळवून एकदाच ओरडली, "माझ्या हातात दोर आहे, दिसते का नाही? मले लागला तं एकेकाच्या घरी येईन." तिच्या बाजूचे दगड थांबले.

वर हिरामण पालथा पडला होता. त्यानं कड्यावरून डोकं काढलं. त्याच्या हातात दोर होता. वामनला न सांगता त्यानं तो आणून ठेवला होता.

"वामन, हा घे. बांध कमरेले. वढून घेतो तुले."

"काढ तो दोर."

"अबे मरशील. कोणी पाहून नाही राहिलं. सारे दगड वेचून राहिले."

वामनच्या डाव्या पायाखाली बोटभर खाच होती. उजवा पाय हवेत होता. शेवटची मेख दहा फूट खाली. दोराचं टोक नाकासमोर हलत होतं, हात पुढे केला की झालं. त्याला बडे बाबूंचा चष्मा पुसतानाचा चेहरा दिसला. साय धरलेला चहा दिसला.

"मी पाहून राहिलो ना," तो म्हणाला. "तू झेंडा उपट, म्हणजे हे थांबतील."

"तुह्याच सांगण्यानं सिमेंट लावलं बापू. हलत नाही."

वामननं सिमेंटला, हिरामणला आणि जंगल खात्याच्या रकान्याला एकेक शिवी दिली आणि उजवा हात वरच्या भेगेत कोपरापर्यंत घातला. पुढचे वीस फूट तो कसा चढला ते त्याला नंतर आठवलं नाही. सुशीलेला आठवतं. ती म्हणते, घागर खाली जाताना सरकतो तसा दोर हातातून सरकत होता, एकसारखा, न अडखळता. फरक एवढा की हा वर जात होता.

माथ्यावर येताच त्यानं कमरेचा हातोडा काढला आणि पळसावर घातला. तिसऱ्या घावाला पळस मोडला. दुपट्ट्यासकट तो दरडीवरून खाली गेला आणि नाल्यात पडला.

दगड थांबले. झेंडा पडला की गोटमार संपते, हा नियम आहे, आणि सरकारी नियमांपेक्षा तो जास्त पाळला जातो. दोन्ही काठांनी हातातले दगड टाकले, अंगं झटकली, आणि जिंकलं कोण यावर चर्चा सुरू केली. चार-पाच जण वामनच्या नावानं जयजयकार करत होते. एकानं मघा नेम धरून त्याच्या पाठीत दगड घातला होता. तोही त्यात होता, मनापासून.

तेवढ्यात साहेबांना आठवलं. "बडे बाबू कहाँ हैं?"

बडे बाबू तीन नंबरच्या मार्गावर होते. दगड सुरू झाल्यावर पळायला एकच दिशा मोकळी होती, वर. भीतीनं माणूस काय काय करतो. पन्नाशीचे, पोट सुटलेले, पायात चामडी बूट, अशा अवस्थेत ते पोरींसाठी आखलेले वीस फूट चढून कट्ट्यावर बसले होते. आता त्यांनी खाली पाहिलं होतं. खाली पाहिल्यावर उतरणं शक्य नव्हतं.

"ढोके," त्यांचा आवाज आला. "अहो ढोके. दोर टाका."

वामननं हिरामणनं आणलेला दोर टाकला. कसा बांधायचा ते सांगितलं. बडे बाबूंनी बांधला आणि डोळे मिटून म्हणाले, "ओढा."

"बडे बाबू, ओढत नसतात."

"म्हणजे?"

"वरचा दोर माणसाले ओढून वर आणत नाही. पडला तं मरू देत नाही, तेवढंच. चढा लागते आपल्याच पायानं. डावा पाय उचला. कोपऱ्याजवळ खाच आहे."

"माझ्यानं होणार नाही."

"होते. माझ्या पोरीसाठी आखला आहे तो मार्ग."

चाळीस मिनिटं लागली. दोन्ही गावं मांडी घालून बघत बसली. बडे बाबू तीनदा घसरले, तिन्ही वेळा दोरानं धरलं. शेवटी ते माथ्यावर आले, पालथे पडले, मग उठून बसले आणि आपले सोललेले तळहात बघत राहिले. हिरामणनं पाणी दिलं. तांब्या वामनच्या घरचा होता. बडे बाबूंनी एकदा तांब्याकडे पाहिलं आणि सगळा संपवला.

मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही चढले तेव्हा वर कोणीच नव्हतं?"

"हिरामणभाऊ होते. त्यायचा दोर मी घेतला नाही."

"हं," बडे बाबू म्हणाले.

मंगळवारी साहेबांनी अहवाल मागितला. गोटमारीचा उल्लेख नको, असं बजावून. अहवाल अर्थातच वामननं लिहायचा आणि नियमाप्रमाणे बडे बाबूंच्या सहीनं पुढे जायचा. त्यानं तक्ता केला. मार्ग क्रमांक एक, प्रथम आरोहण, श्री. वामन ढोके, कनिष्ठ लिपिक. पद्धत, खालून दोर. दोर धरणार, सौ. सुशीला ढोके. मार्ग क्रमांक दोन, आरोहण बाकी. मार्ग क्रमांक तीन, प्रथम आरोहण, श्री. मुकुंद देशकर, हेडक्लार्क. पद्धत, वरून दोर.

कागद बडे बाबूंच्या टेबलावर ठेवून तो उभा राहिला. बडे बाबूंच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. नाजिर बाबू पलीकडून मान लांब करून वाचत होते.

"हा पद्धतीचा रकाना," बडे बाबू हळू म्हणाले, "आवश्यक आहे काय?"

"आहे. छिंदवाड्याच्या नमुन्यातच आहे."

"नुसतं आरोहण लिहिलं तर?"

"बडे बाबू, वरून दोर घेण्यात कमीपणा काय? पाय तं तुमचेच होते. मी सगळ्यायले तेच सांगून राहिलो."

नाजिर बाबूंना खोकला आला. बडे बाबूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खोकला गिळला गेला. मग त्यांनी पट्टीतून बाहेर आलेल्या दोन बोटांत पेन धरलं आणि सही केली. वेडीवाकडी आली, पण केली.

वामन आपल्या टेबलाशी आला. चहा आला होता. तो त्यानं बशीत ओतला आणि गरम असतानाच संपवला.

त्या कार्यालयात दोर हा शब्द त्यानंतर फक्त नाजिर बाबू उच्चारत, आणि तोही पूर आल्यावरच.